न खेळताच मेलेला चेंडू

दिवाळीत माळा आवरताना टेनिसच्या चेंडूंचा एक डबा हाती लागला. तिघांपैकी एक चेंडू दोन वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी गच्चीवर गेला होता. उरलेले दोन मात्र कोरे करकरीत होते, पिवळी लव जशीच्या तशी. खालच्या मजल्यावरच्या पोराला हाक मारून दिले. त्याने एकदा फरशीवर टाकून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"काका, हा मेलाय."

"अरे, एकदाही वापरला नाहीये!"

"असेल. पण बसलाय तो."

पोरगा बरोबर होता. चेंडू मारून मारून बसतो असं आपण धरून चालतो. लव झिजते ती माराने, हे खरं. पण उसळी जाते ती बरीचशी नुसतं पडून राहिल्याने, आणि तिची घटका डब्याचं झाकण 'फुस्स' करून उघडतं त्या क्षणापासून मोजायची.

खात्री करायची तर एक टेप पुरे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. घरी दीड मीटरवरून, म्हणजे साधारण खांद्याच्या उंचीवरून सोडलात तर ८० ते ८७ सेंटिमीटर. माझे दोन्ही चेंडू सत्तरीही गाठेनात.

टेनिसचा चेंडू म्हणजे रबराच्या दोन वाट्या चिकटवून केलेला पोकळ गोळा. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास पावणेदोनपट असतो. हा दाब आत कोंडायची जुनी युक्ती मला फार आवडते: वाट्या बंद करण्याआधी आत सोडियम नायट्राइट आणि अमोनियम क्लोराइड टाकायचं, मग उष्णता मिळाली की दोघांच्या अभिक्रियेतून नायट्रोजन वायू तयार होतो. रसायनशास्त्रात प्रयोगशाळेत नायट्रोजन बनवायची जी रीत शिकवतात, तीच ही. डब्यातही तेवढाच दाब भरलेला असतो. आत-बाहेर सारखंच, त्यामुळे चेंडू तिथे बराच काळ ताजा राहतो. झाकण उघडलं की तोल गेला.

पण हवा जाते कुठून? भोक तर कुठेच नसतं.

फिलाडेल्फियातल्या जॉन मिचेल या डॉक्टरला १८३१च्या सुमारास हाच प्रश्न पडला होता. वेगवेगळ्या वायूंनी भरलेले रबरी फुगे वेगवेगळ्या वेगाने बसतात हे त्याने पाहिलं. पुढे १८६६मध्ये थॉमस ग्रॅहमने रबराच्या पातळ पडद्याच्या एका बाजूला निर्वात जागा ठेवून हवा खेचून घेतली, तर पलीकडे आलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे ४१ टक्के! एरवी हवेत तो २१ टक्के असतो. चाळणीसारखी छिद्रं असती तर असं झालं नसतं. ग्रॅहमने अनुमान काढलं की वायू रबरात आधी विरघळतो, मग त्यातून वाट काढत पलीकडे जातो आणि तिथे पुन्हा बाहेर पडतो. आजही हेच मानलं जातं.

वाट काढतो म्हणजे काय? रबर हे लांबलचक साखळ्यांचं गुंतवळ आहे आणि या साखळ्या सतत वळवळत असतात. गर्दीच्या लोकलमधून दारापर्यंत कसं जातो आपण? सरळ वाट नसतेच. कुणी खांदा वळवला, कुणी पिशवी या हातातून त्या हातात घेतली की क्षणभर फट पडते आणि आपण एक पाऊल सरकतो. वायूचा रेणूही असाच फटीफटीतून सरकतो. गर्दी जितकी चुळबुळी, तितके आपण लवकर दाराशी.

आता खरी गंमत. चेंडू आपटतो तेव्हा रबर दबतं, साखळ्या ताणल्या जातात आणि झटक्यात पूर्वपदावर येतात. त्या किती चपळाईने, एकमेकींना न घासता परततात यावर उसळी ठरते. घर्षण झालं तर ऊर्जा उष्णतेत जाते आणि चेंडू मठ्ठ पडतो. म्हणजे उसळीलाही चुळबुळ्या साखळ्याच हव्यात. नैसर्गिक रबर उसळतं छान आणि हवा गळू देतं तेही छान, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गुण आहे.

उलट टोकाला आहे ब्युटाइल रबर, ज्याच्या टायरमधल्या ट्यूब करतात. त्याच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बन अणूवर दोन-दोन मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे झुपके) चिकटलेले असतात. इतकी दाटी की साखळीला कूस बदलणं जड जातं, आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींत घट्ट बसतात. त्यामुळे नैसर्गिक रबराच्या मानाने हवा वीसएक पटीने कमी गळते. पण ब्युटाइलची भरीव गोळी जमिनीवर टाकून पाहा, मातीच्या ढेकळासारखी पडते. गमतीचा भाग असा की दोन्ही रबरं थंड केल्यावर काचेसारखी कडक होतात ते तापमान जवळपास सारखंच आहे, शून्याखाली साठ-सत्तर अंश. फरक आहे तो खोलीच्या तापमानाला साखळीचे तुकडे किती वेगाने हलू शकतात यात. चेंडू आणि रॅकेट यांची गाठ पडते ती एका सेकंदाच्या जेमतेम दोनशेव्या भागापुरती. तेवढ्यात ब्युटाइलची साखळी जागी होत नाही.

म्हणजे अभियंत्यापुढे पेच असा, की जे रबर हवा धरतं ते उसळत नाही आणि जे उसळतं ते हवा धरत नाही.

यातून काढलेली एक पळवाट सुरेख होती. या शतकाच्या सुरुवातीला विल्सन कंपनीने 'डबल कोअर' नावाचा चेंडू आणला. गोळा नैसर्गिक रबराचाच, पण आतून ब्युटाइलचा अगदी पातळ लेप, आणि त्या लेपात व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे, कौलांसारखे एकावर एक. वायूला पापुद्र्यातून जाता येत नाही, प्रत्येकाला वळसा घालावा लागतो. साधा हिशेब असा: पापुद्र्याची लांबी जाडीच्या २०० पट आणि लेपात त्यांचं प्रमाण पाचवा हिस्सा धरलं, तर गळती सुमारे पंचवीस पटीने कमी होते. लेप पातळ असल्याने उसळीला फारसा धक्का नाही.

दुसरा उपाय त्याहून साधा. उघडलेले चेंडू दाबाच्या डब्यात ठेवायचे, सायकलच्या पंपाने डब्यात हवा भरायची. वायू दोन्ही दिशांनी ये-जा करत असतो, त्यामुळे बाहेरचा दाब पुरेसा वाढवला तर बसलेला चेंडूही काही आठवड्यांत पुन्हा फुगतो. (फ्रिजमध्ये ठेवून चेंडू टिकतो हे मात्र विसरा. थंडीने गळती थोडी मंदावते, दाब परत येत नाही.)

इथे एक बारकावा आहे. प्रत्येक वायू फक्त आपल्या स्वतःच्या दाबाकडे बघून दिशा ठरवतो. आत निव्वळ नायट्रोजन भरला, तर तो हळूहळू बाहेर जाईल, पण त्याच वेळी बाहेरचा ऑक्सिजन आत शिरेल, कारण आत तो नाहीच. पेट्रोल पंपावर पैसे मोजून टायरमध्ये 'शुद्ध नायट्रोजन' भरून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट मिळतो. रबरातून ऑक्सिजन जास्त भरभर गळतो, म्हणजे साधी हवा भरत राहिलात तरी टायरमधलं नायट्रोजनचं प्रमाण आपोआप वाढत जातं. दर आठवड्याला हवा तपासणं याहून कितीतरी उपयोगाचं.

हाच बारकावा अवकाशयानांच्या क्षेत्रातून आलेल्या मेरियन फ्रँक रूडी या अभियंत्याने बुटात वापरला. नायकेच्या 'एअर' बुटांच्या टाचेतल्या पिशवीत त्याने प्लॅस्टिकमधून सहज न गळणारा जड वायू भरला. तो आतच राहतो, बाहेरची हवा मात्र आत शिरते आणि पिशवी आपली आपणच आणखी फुगते! युक्ती अफाट, पण पुढे त्यासाठी वापरात असलेला वायू होता सल्फर हेक्झाफ्लोराइड. वजनाला वजन धरलं तर पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २३ हजार पटींहून अधिक ताकदवान, आणि बूट फाटला की तो हवेत. नायट्रोजन धरून ठेवणारी बहुपदरी पिशवी तयार करून कंपनीला त्यातून पूर्ण सुटायला २००६ साल उजाडलं.

टेनिसच्या चेंडूत असा खलनायक नाही, पण त्याचा प्रवास पाहून चक्रावायला होतं. वॉरविक बिझनेस स्कूलच्या मार्क जॉन्सन यांनी २०१४मध्ये विम्बल्डनच्या चेंडूचा माग काढला. लोकर न्यूझीलंडची, तिची लव विणली जाते इंग्लंडमध्ये, रबर मलेशियाचं, गंधक दक्षिण कोरियाचं, आणि सगळं जमतं फिलिपीन्समधल्या बाताआन इथे. तिथून चेंडू पुन्हा इंग्लंडला. बेरीज ८० हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. आणि सामन्यात हे चेंडू बदलतात पहिल्या सात गेमनंतर, मग दर नऊ गेमनंतर.

पुढे काय? गंधकाने साखळ्या एकमेकींना बांधलेलं रबर पुन्हा वितळत नाही, भाजलेल्या पोळीची परत कणीक होत नाही तसं. वर लव डिंकाने घट्ट चिकटलेली. राहतो तो भुगा करून मैदानाखाली पसरण्याचा मार्ग. विम्बल्डनचे काही चेंडू भोक पाडून शेतातल्या छोट्या उंदरांना घरं म्हणून दिले गेले होते. छायाचित्रं गोड आली, पण दरवर्षी पन्नास हजारांवर चेंडू लागतात, तेवढे उंदीर आणायचे कुठून?

माझ्या मते याबाबतीत आपल्याकडचे जिमखाने नकळत पुढे आहेत. टेनिसवाल्यांनी टाकलेला चेंडू गल्लीत क्रिकेटला जातो, प्रशिक्षक तो उंच झेलांच्या सरावाला वापरतात, मग तो आजोबांच्या वॉकरच्या पायाला लागतो किंवा टाच दुखणाऱ्या कुणाच्या तरी तळपायाखाली.

माझे दोन चेंडू मी भंगारच्या पिशवीत टाकले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली.

"काका, ते मेलेले बॉल आहेत का अजून? पॅसेजमध्ये अंडरआर्म खेळायचंय. नवा उडतो फार, देसाईकाकूंची काच फुटते."