जेकार्डचे पंचकार्ड (सोलापूर)

मागावर विणायची नक्षी भोकांच्या रूपात जिच्यावर लिहिलेली असते, ती जाड पुठ्ठ्याची पट्टी म्हणजे जेकार्डचे पंचकार्ड. जिथे भोक, तिथे ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा वर उचलला जातो. जिथे कोरा पुठ्ठा, तिथे तो खालीच राहतो. अर्धवट उचललेला धागा या व्यवस्थेत बसत नाही. संगणकाच्या पुस्तकात शून्य आणि एक या नावाने जे शिकवतात ते सोलापूरच्या पूर्व भागातील कारखान्यांत ‘कार्ड’ या एका शब्दात भागते. चादर, टॉवेल आणि भिंतीवर लावायची वॉल हँगिंग ही शहराची नामांकित नक्षीदार उत्पादने या कार्डांवर वाढली.

जेकार्ड हे नक्षी विणवणारे यंत्र मागाच्या डोक्यावर बसवलेले असते, म्हणून जेकार्डच्या कारखान्याचे छत साध्या मागाच्या कारखान्यापेक्षा उंच असावे लागते. ओळीने शिवलेली कार्डांची माळ एका चौकोनी लाकडी ठोकळ्यावरून फिरते. ठोकळ्याला चार सपाट बाजू असल्या तरी कारागीर त्याला ‘सिलिंडर’च म्हणतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेऱ्याला ठोकळा पाव वळसा घेतो आणि नवे कार्ड आडव्या सुयांच्या रांगेवर दाबतो. सुईसमोर भोक आले तर सुई आत शिरते, तिला जोडलेला उभा हुक जागच्या जागी उभा राहतो आणि वर जाणाऱ्या पात्यांत अडकून धागा उचलतो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे रेटतो, हुक कलतो आणि पाते त्याला न घेताच वर जाते. एक कार्ड म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. पुढच्या धाग्याला पुढचे कार्ड. शेवटचे कार्ड पहिल्याला शिवलेले असल्याने माळ संपत नाही आणि तोच मोर पुन्हा उगवतो.

कार्डावरची सगळीच भोके नक्षीची नसतात, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. टोकांची मोठी भोके सिलिंडरच्या खुंट्यांत बसण्यासाठी असतात आणि काठाची भोके माळ शिवण्याच्या दोऱ्यासाठी. नक्षीबद्दल ती काहीच सांगत नाहीत, पण ती दोन सूत सरकली तर बाकीची शेकडो भोके असून नसल्यासारखी होतात. संदेशासोबत संदेशाची जागा आणि वेळही पाठवावी लागते. तारेवरून जाणाऱ्या अंकीय संकेताची मोठी अडचण हीच आहे. तारेत वीज आहे म्हणजे एक आणि नाही म्हणजे शून्य, एवढाच करार केला आणि ओळीने पन्नास शून्ये आली, तर पलीकडच्या यंत्राला ती पन्नास होती की एकावन्न हे मोजायला आधार उरत नाही. त्यावरचा एक नामी उपाय म्हणजे मँचेस्टर संकेतन. यात प्रत्येक अंकाच्या मधोमध विजेची पातळी बदलतेच. वरून खाली की खालून वर, यावरून अंक कळतो आणि बदल झाला यावरून वेळ कळते. दर सेकंदाला एक कोटी अंक नेणाऱ्या जुन्या इथरनेट जाळ्यात हीच पद्धत होती. मागाला ही चिंता नसते. सिलिंडर आणि धोटा एकाच यंत्रदांड्यावर बांधलेले असल्याने पूर्ण कोरे कार्ड आले तरी मोजणी चुकत नाही.

मँचेस्टर हे नाव पडले ते तिथल्या विद्यापीठात १९४०च्या दशकाअखेरीस बांधलेल्या संगणकामुळे. पण ते शहर जगाला आधी माहीत होते ते कापडासाठी. (महाराष्ट्राचे मँचेस्टर हा मान इचलकरंजीला देतात, सोलापूरकर त्यावर मान डोलावतीलच असे नाही.)

कार्डाचा जन्म फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरातला. बाझील बूशाँ याने १७२५ मध्ये भोके पाडलेली कागदाची गुंडाळी मागाला लावली. पुढे फाल्कनने कागदाऐवजी सुटी कार्डे आणली. जोझेफ मारी जेकार्ड याने १८०४च्या सुमारास हे सगळे एकत्र करून एका विणकराला चालवता येईल असे यंत्र केले. त्याआधी नक्षीदार कापडाला मागावर दुसरा माणूस, बहुतेकदा पोर, बसवावे लागे आणि ते सांगितल्या क्रमाने दोऱ्या ओढत असे. जेकार्डने त्या पोराचे काम पुठ्ठ्याला दिले. जेकार्डचेच एक चित्र पुढे रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यांनी कार्डेच योजली. १८९० मध्ये हर्मन हॉलरिथने अमेरिकेची जनगणना पंचकार्डांवर मोजली आणि कार्ड कापडाच्या धंद्यातून कचेरीत गेले.

सोलापूर हे जुने पेठेचे गाव. रेल्वे १८६० मध्ये आली आणि कापूस, सूत, कापड यांना वाट मिळाली. मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी १८७७ची. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्यावर ती ‘जुनी मिल’ झाली. भोंग्यावर पाळी सुरू होई, भोंग्यावर सुटे. ज्यांचा गिरणीशी संबंध नव्हता ती घरेही भोंग्यावर चूल पेटवत. साऱ्या गावाला एका ठोक्यावर आणणारा असा दुसरा संकेत सोलापूरला पुन्हा मिळाला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

नक्षीचा धंदा मात्र मुख्यतः गिरणीबाहेर, पेठांमधून वाढला. तेलंगणातून दुष्काळाने आणि कामाच्या शोधात आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरोघरी हातमाग घातले. पुढे त्यांच्या जागी यंत्रमाग आले. मागावरची बोली तेलुगू, बाजारातली मराठी, आणि घरात दोन्हींची सरमिसळ, हे पूर्व भागात आजही ऐकू येते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातील ती अगदी सुरुवातीची मानांकने.

सोलापुरी चादरीचे वैशिष्ट्य ती उलटी केल्यावर कळते. पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असतो. कापडात धाग्यांचे दोन थर असतात आणि कार्डाच्या हुकमाने ते एकमेकांची जागा घेतात. वर लाल थर असेल तेव्हा खाली पांढरा, वर पांढरा आला की खाली लाल. एका बाजूचा प्रत्येक ‘हो’ दुसऱ्या बाजूचा ‘नाही’ असतो. संगणकशास्त्रात याला नकार क्रिया म्हणतात. पांघरणाऱ्याला तो एका किमतीत दोन चादरींचा फायदा वाटतो, आणि तेही खरेच आहे.

चित्रापासून कार्डापर्यंतचा रस्ता खरा कौशल्याचा. डिझायनर आधी हाताने मोर काढतो, मग तो ग्राफच्या कागदावर उतरवतो. उभी रांग म्हणजे हुक, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा धागा. प्रत्येक चौकोन भरायचा की सोडायचा, हे ठरवावेच लागते. मोराच्या मानेची गोलाई इथे पायऱ्यापायऱ्यांची होते. चौकोन मोठे तर पायऱ्या दिसतात. बारीक करावेत तर हुक आणि कार्डे दोन्ही वाढतात. आवाज किंवा छायाचित्र अंकांत उतरवताना हीच ओढाताण असते. ग्राफचे चौकोन चौरसच असतील असेही नाही. इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, त्या प्रमाणात ग्राफ निवडावा लागतो. तो चुकला तर कागदावर डौलदार दिसणारा मोर कापडावर कोंबडीसारखा बुटका उतरतो.

हिशोब करून पाहू. ४०० हुकांच्या जेकार्डमध्ये एका कार्डावर ४०० हो-नाही, म्हणजे ५० बाइट (आठ हो-नाहींचा एक बाइट). नक्षी १,२०० धाग्यांनी पुन्हा सुरू होत असेल तर १,२०० कार्डे आणि एकूण ६०,००० बाइट. मोबाइलवर सकाळी येणारे शुभेच्छांचे एक चित्र याहून जड असते. कार्डांची ही माळ मात्र उचलायला माणूस लागतो. आणि चादरीत ताण्याचे धागे तर ४०० पेक्षा कितीतरी जास्त. तिथे बचत दोऱ्यांच्या बांधणीत केलेली असते. एकाच हुकाला चार ठिकाणचे चार धागे बांधले की पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, चार मोर शेजारी शेजारी उभे राहतात. बांधणी टोकावर उलटी फिरवली तर समोरासमोर तोंड केलेली जोडी मिळते. कार्डावर जोडीतला एकच मोर असतो, दुसरा दोऱ्यांनी पुरवलेला असतो. चादरींवर सममितीची नक्षी इतकी का दिसते, याचे उत्तर आवडीइतकेच या बांधणीतही आहे.

चूक कुठली, हे ओळखण्याची रीत साधी आणि अचूक आहे. कापडावर लांबीच्या दिशेने सलग रेघ दिसली तर दोष हुकात, सुईत किंवा तुटलेल्या दोरीत. कार्डे तपासत बसण्यात अर्थ नाही. ठिपका प्रत्येक मोराच्या त्याच पिसावर, त्याच अंतराने येत असेल तर दोष कार्डात. एकदाच आला आणि पुन्हा नाही, तर धागा तुटला होता. जादा पडलेल्या भोकावर कागद चिकटवायचा, राहिलेले भोक हातपंचाने पाडायचे आणि माळ पुन्हा चढवायची. कार्डांवर क्रमांक टाकलेले असतात ते यासाठीच. माळेचा दोरा तुटून कार्डे जमिनीवर पसरली की त्या आकड्यांची किंमत कळते. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो आणि भोक सुईला बरोबर सापडत नाही.

धाग्याचा असाच, पण एकाच अक्षराचा संकेत एका दूरच्या शहराच्या मुळाशी आहे. जपानमधील साकिची टोयोडा यांनी मागाला अशी सोय केली की धागा तुटताच माग आपोआप थांबावा. १९२४ मध्ये त्यांचा स्वयंचलित माग तयार झाला. १९२९ मध्ये त्याचे हक्क मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने एक लाख पौंडांना घेतले. मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला, १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली, आणि कोरोमो या रेशमाच्या व्यापारावर जगलेल्या, तो बसल्याने मरगळलेल्या गावात १९३८ मध्ये कारखाना सुरू झाला. १९५९ मध्ये त्या गावाने स्वतःचे नावच बदलून टोयोटा करून घेतले. दोष दिसताच काम थांबवायचे, हा त्या मोटार कारखान्यांचा गाजलेला नियम मागावरून आलेला आहे.

सोलापूरची तुलना इथे मोह पाडते, पण ती जपून करावी लागते. टोयोडा माग बनवत होते. सोलापूर माग विकत घेऊन कापड बनवत होते. यंत्र घडवणारे गाव दुसऱ्या यंत्राकडे वळू शकते, कापड विणणाऱ्या गावापुढे तो रस्ता तितका सरळ नसतो. साध्या यंत्रमागांवर ताणा तुटल्यावर थांबण्याची सोय बहुधा नसते. तिथे तो संकेत कामगाराच्या डोळ्यांनी पकडायचा असतो, तोही एका वेळी अनेक मागांवर नजर ठेवून.

बोनास या इंग्रज कंपनीने १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले. त्यात सुई आणि पुठ्ठ्याच्या जागी विद्युतचुंबक आला. हुक धरायचा की सोडायचा एवढेच तो ठरवतो. नक्षी संगणकावर काढून पेन ड्राइव्हवरून मागाला देता येते. एखाद्याच मागणीसाठी पुढाऱ्याची किंवा देवाची तसबीर विणणे त्यामुळे परवडू लागले, कारण हजारो कार्डे पाडण्याचा खर्च उरला नाही. किंमत मोठी असल्याने लहान कारखानदाराकडे मात्र पुठ्ठ्याचीच माळ चालते. निरनिराळ्या कंपन्यांच्या नियंत्रकांच्या फाइली एकमेकांना वाचता येतीलच असे नाही, तेव्हा माग बदलला की नक्षी पुन्हा त्या भाषेत घालावी लागते. जुन्या माळा दोरीने बांधून पोटमाळ्यावर ठेवलेल्या असतात. नक्षी कोणती ते वरच्या कार्डावर पेनाने लिहिलेले असते. शाई पुसली असेल तर ग्राफचा कागद शोधावा लागतो, आणि तोही नसेल तर माळ मागावर चढवून वीतभर विणून बघतात.