कूलरच्या टाकीतलं पाणी

जानेवारीत पर्थहून भाच्याचा फोन आला. तिकडे ऐन उन्हाळा, इकडे नागपुरात रस्तोरस्ती संत्र्यांचे ढीग. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी करायला मुभा आहे आणि गड्याला ती हौस जडली आहे. "मामा, वर्ट थंडच होत नाही. नळालाच कोमट पाणी येतं. बर्फ आणून आणून थकलो."

वर्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं घालून तासभर उकळलेलं. त्यात यीस्ट घालायचं तर ते 20 अंशांच्या आसपास यायला हवं, तेही लवकर. कोमट गोड पाणी म्हणजे हवेतल्या जिवाणूंना पंगतच. शिवाय गरम वर्टमध्ये डायमिथाइल सल्फाइड तयार होत राहतं. उकळताना ते वाफेबरोबर निघून जातं. झाकून सावकाश निववलं तर आतच राहतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

भाचा उकळता गंज, म्हणजे पातेलं, थेट बर्फाच्या टबात ठेवत होता. हिशेब करा. 10 लिटर पाणी 100 वरून 20 अंशांवर आणायला साधारण 3,350 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळून 20 अंशांपर्यंत तापेस्तोवर 418 किलोज्यूल घेतो. म्हणजे 8 किलो बर्फ! त्यातला बहुतेक वाया, कारण तापमानातला फरक मोठा असतो तोवर उष्णता कोणत्याही पाण्यात भराभर उतरते. बर्फ शेवटच्या थोड्या अंशांसाठी राखून ठेवायचा.

मग मधल्या टप्प्याला थंड पाणी आणायचं कुठून? मे महिन्यात नागपुरात हा प्रश्न विचारला तर लोक हसतील. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. पण त्याच घरात, त्याच दुपारी, फुकटात थंड झालेलं पाणी असतं: कूलरच्या टाकीत.

आता माझ्या आवडीचा भाग. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ओघळतं, थोडं उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जातं, हे शाळेत झालेलं आहे. पण पाणी थंड होत होत थांबतं कुठे? पाणी गार झालं की भोवतालची गरम हवा त्याला जास्त उष्णता देऊ लागते आणि बाष्पीभवनही मंदावतं. जिथे येणारी आणि जाणारी उष्णता सारखी होते, ते ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे वेट बल्ब. समजा, हवा 45 अंश आहे आणि पाणी 24 वर थांबलं. 24 अंशांना संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाचा दाब, 3 किलोपास्कल. फरक 21 अंशांचा; नागपूरच्या हवेच्या दाबाला दर अंशामागे सुमारे 0.064 किलोपास्कल वजा करा, उरले 1.65, तेवढं बाष्प हवेत खरोखर आहे. 45 अंशांना हवेत 9.6 किलोपास्कल बाष्प मावतं. भागाकार केला की आर्द्रता निघते सुमारे 17 टक्के, आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या दुपारसारखी. म्हणजे 45 अंशांच्या झळांमध्ये 24 अंशांचं पाणी! कोराडीच्या वीज केंद्राचे ते अवाढव्य मनोरे याच तत्त्वावर पाणी निववतात.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापाचे नऊ दिवस, लागला म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, आणि म्हणून ऊन तापतं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. रोहिणीचे तारे आपल्यापासून इतके दूर आहेत की त्यांचा उन्हाशी काडीचाही संबंध नाही. मे 26 च्या आसपास नागपुरात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, मान्सून अजून पोचलेला नसतो आणि जमीन कोरडी ठणठणीत असते. एवढी कारणं पुरे आहेत.

मे उजाडल्यावर मी करून पाहिलं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून माझ्या गंजात 10 लिटर साधं उकळतं पाणी. एसी दुरुस्तीवाल्याकडून तीन सुताची तांब्याची नळी आणली, तिचं वेटोळं गंजात सोडलं आणि एका छोट्या पंपाने कूलरच्या टाकीचं पाणी त्यातून फिरवून परत ताट्यांवर सोडलं. पंखा चालू हवाच. नाहीतर टाकीच तापते. वेटोळं अधूनमधून हलवायचं, नाहीतर नळीभोवती गार पाण्याची साय धरते. 28 अंशांपर्यंत उतरायला जी उष्णता काढावी लागते, ती सव्वा लिटर पाणी उडून घेऊन जातं. पुढच्या 8 अंशांना किलोभर बर्फ पुरतो.

पर्थलाही उन्हाळ्यात वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, तिथे हे जमतं. आपल्या जुलैत मात्र नाही: हवा 32 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली की वेट बल्ब 29 वर अडतो. कूलर माळ्यावर का जातो, ते ज्याला त्याला माहीत आहे.

एक गोष्ट भाच्याला दोनदा बजावली. टाकीतलं पाणी घाण असतं, डासांच्या अळ्यांसकट, म्हणून नळीचे सांधे गंजाच्या बाहेरच ठेवायचे. माझा एक सांधा आत होता. पहिल्या खेपेला गंजातल्या पाण्याला वाळ्याचा वास आला.