मणी, दांडे, ठोकळे: लहान मुलांच्या गणिताची पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपात अंकगणित हा पाच-सहा वर्षांच्या मुलाचा विषय फारसा मानलाच जात नव्हता. तो पुढे व्यापार-उदिमात जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी होता. नियम पाठ करायचा, त्याखालची उदाहरणं सोडवायची. नियम का चालतो, हे विचारायची रीत नव्हती. वस्तू आधी आणि चिन्ह नंतर, हा आग्रह इथून पुढचा. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत एक गोष्ट सारखी घडलेली दिसते: कोणीतरी मुलाच्या हातात देण्याजोगं चांगलं साधन काढतं आणि पुढचे लोक त्याची कवायत करून टाकतात.

पहिलं उदाहरण योहान हाइनरिख पेस्टालोझी यांचं. या स्विस शिक्षकाने १८०० च्या सुमारास खडे, दाणे यांसारख्या वस्तूंपासून मोजणी सुरू केली आणि मग उभ्या रेघांचा तक्ता आणला. पहिल्या ओळीतल्या प्रत्येक घरात एक रेघ, दुसरीत दोन-दोन, असं दहापर्यंत. अंक न लिहिता मुलाला गट दिसावेत, ही कल्पना उत्तमच होती. पण वर्गात त्या तक्त्यावरून ‘दोन म्हणजे एकाची दुप्पट, चार म्हणजे दोनाची दुप्पट’ अशी वाक्यं सामुदायिक सुरात म्हणवून घेतली जाऊ लागली. रेघा भिंतीवर राहिल्या, पाठांतर परत आलं. पेस्टालोझींचाच धागा धरून अमेरिकेत वॉरन कोलबर्न यांनी १८२१ मध्ये लहान मुलांसाठी तोंडी गणिताचं पुस्तक काढलं. त्यात आधी रोजच्या वस्तूंचे प्रश्न येतात आणि नियम मुलाने त्यातून ओळखायचा असतो.

फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या ‘देणग्यां’मधली, म्हणजे मुलांना क्रमाने द्यायच्या खेळसाधनांमधली, तिसरी म्हणजे आठ छोट्या घनांचा एक मोठा घन, तर चौथी म्हणजे तेवढाच घन, पण आठ विटांचा. पेटी टेबलावर उपडी करून अलगद वर उचलायची, म्हणजे मुलाला आधी अखंड घन दिसतो आणि मग तो सुटतो. रचनेत सगळे तुकडे वापरायचे, एकही बाजूला ठेवायचा नाही. अर्धा, पाव, अष्टमांश हे शब्द यायच्या कितीतरी आधी मुलाचे हात ते करून मोकळे होतात. पुढे मात्र अनेक बालवाड्यांत चौकटी आखलेल्या टेबलांवर सगळ्या मुलांनी एकाच वेळी, हुकमाबरहुकूम तोच ठोकळा त्याच चौकटीत ठेवायचा, असा प्रकार सुरू झाला. पोरांनी काही शोधून काढायला जागाच उरली नाही.

मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोममध्ये उघडलं. त्यांच्या साधनांचा विचार जास्त काटेकोर आहे. संख्येचे दांडे दहा: सर्वांत लहान १० सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा एक मीटरचा, दर १० सेंटिमीटरला रंग लाल-निळा बदलतो. त्यामुळे ‘पाच’ ही एकदम हातात धरता येणारी एक वस्तू होते आणि तिच्यातले पाच भागही मोजता येतात. सुट्या वस्तूंकडे वळायचं ते त्यानंतर. चात्यांच्या, म्हणजे लाकडी काड्यांच्या, पेटीत ० ते ९ असे दहा कप्पे आणि बरोबर ४५ चात्या असतात. शेवटच्या कप्प्यात नऊ भरल्या नाहीत किंवा काही उरल्या, तर मागे कुठेतरी चुकलं हे मुलाला मोठ्यांनी सांगावं लागत नाही. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. मात्र एक जरी चाती हरवली तरी ही स्वतः चूक पकडण्याची सोय संपते, म्हणून रोज ४५ मोजून ठेवणं हा सोपस्कार नाही. सोनेरी मण्यांत सुटा मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन असतो. हजाराचं वजन हाताला कळतं. पाटीवर शून्यं वाढवून हे होत नाही.

याच सुमारास अमेरिकेत वारं उलट होतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२२ मध्ये अंकगणिताच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. प्रत्येक बेरीज ही प्रश्न आणि उत्तर यांची एक सुटी जोडणी आणि सरावाने ती पक्की करायची, असा त्यांचा सिद्धान्त. विल्यम ब्राउनेल यांनी १९३५ मध्ये त्याला अर्थपूर्ण शिक्षणाचं उत्तर दिलं. हा वाद आजही मिटलेला नाही. सराव लागतोच, पण ८ + ५ हे ८ + २ + ३ आहे हे दिसल्यावरचा सराव आणि न दिसता केलेला सराव यांत फरक पडतो.

बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांचे रंगीत दांडे १९५० च्या दशकात कॅलेब गॅटेन्यो यांच्यामुळे जगभर गेले. पांढरा १ सेंटिमीटर, लाल २, फिकट हिरवा ३, जांभळा ४, पिवळा ५, गडद हिरवा ६, काळा ७, तपकिरी ८, निळा ९, नारिंगी १०. दांड्यांवर खुणा नाहीत, हीच खुबी. नारिंगीएवढी लांबी दोन दांड्यांनी किती प्रकारे होते, याचं उत्तर मोजून नाही, लावून बघून मिळतं. बिघडतं तेव्हा असं बिघडतं: मूल ‘पिवळा आणि लाल म्हणजे काळा’ हे पाठ करतं, पण ५ + २ विचारलं की गप्प बसतं. म्हणून रंगाला आकडा घाईने चिकटवू नये, आणि एकदा चिकटला की अधूनमधून पांढरा दांडाच ‘दोन’ मानून बघावं. मग लाल चार होतो, आणि मुलाने रंग घोकलाय की लांबीची तुलना समजलीय, हे लगेच उघडं पडतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९४१ मध्ये मांडलं की ठोकळ्यांची रांग पसरली की लहान मूल ‘आता जास्त झाले’ म्हणतं, म्हणजे संख्येची जाण अजून आलेली नाही. त्यातून अनेकांनी ‘मूल तयार होईपर्यंत थांबा’ असा सोयीस्कर अर्थ काढला. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग थोडा बदलून केला. या वेळी रांग मोठ्या माणसाने नाही, एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने विस्कटली, आणि कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्यांनी मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की उत्तर बदलायचं असावं असं मुलांना वाटतं!

मोजणं म्हणजे नेमकं काय, हे रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये पाच तत्त्वांत सांगितलं. एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, मोजायला काहीही चालतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. घरी सर्वांत जास्त फसवणूक तिसऱ्या तत्त्वात होते. मूल शंभरपर्यंत म्हणून दाखवतं म्हणून सगळे खूश. पण पाच ठोकळे मोजल्यावर ‘मग किती आहेत?’ विचारलं की ते पुन्हा एकपासून सुरू करतं. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे ढिगातून ‘मला चार दे’ म्हणणं. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास दाखवलं की मुलं आधी फक्त ‘एक’ बरोबर देतात, मग काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि त्यापुढच्या संख्येला मूठभर उचलून देतात. हे साधारण अडीच ते चार वर्षांच्या वयात चालतं. ‘तीन’पर्यंतच बरोबर देणाऱ्या मुलाला वीसपर्यंतचे अंक गिरवायला लावून काही साधत नाही.

संख्यानामांचाही इथे संबंध आहे. चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ म्हणतात, त्यामुळे दशक ऐकू येतं. मराठीत आणि जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणतीसला तर तीसच ऐकू येतात. ही मुलाची गफलत नव्हे. उपाय साधा आहे: दहाच्या दोन काड्या आणि पाच सुटे मणी समोर ठेवून आधी काड्यांकडे बोट दाखवत ‘दोन दशक, पाच’ म्हणायचं, मग नेहमीचं नाव, आणि अंक सगळ्यांत शेवटी.

साधन जितकं गोजिरवाणं तितकं चांगलं, हा समज संशोधनाने बराच मोडला आहे. प्राण्यांच्या आकाराचे मणी दिले की मूल त्यांच्याशी खेळतं. ते ‘तीन’ची खूण आहेत हे मागे पडतं. एकसारखे, साधे मणी जास्त कामाचे. नेदरलँड्समध्ये आद्रियान ट्रेफर्स यांनी केलेल्या मणीपाटीत दहा-दहा मण्यांच्या दोनच ओळी असतात, प्रत्येकीत पाच लाल आणि पाच पांढरे. सात म्हणजे पाच आणि दोन हे तिथे न मोजता दिसतं. मूल एकेक मणी सरकवत असेल तर ‘एका झटक्यात सात सरकव’ एवढंच सांगायचं.

गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांचा २००८ चा प्रयोग घरी सहज करता येतो. एका सरळ रांगेत १ ते १० अशी दहा घरं आखायची आणि १ किंवा २ दाखवणारी चकती फिरवायची. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका एवढ्यानेच गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांची संख्यांची समज सुधारली. आकड्यांऐवजी रंगांचा पट दिलेल्या मुलांत ती सुधारणा दिसली नाही. पुढच्या प्रयोगांत गोल पटाचाही तेवढा उपयोग झाला नाही. मेख सोंगटी हलवण्यात आहे. सोंगटी ३ वर असेल आणि २ पडले, तर मुलाने ‘एक, दोन’ नाही, ‘चार, पाच’ म्हणत पुढे जायचं. बहुतेक मुलं सवयीने पहिलं करतात. तेव्हा मोठ्यांनी आपल्या पाळीत घरातले आकडे मोठ्याने म्हणून दाखवावेत. मुलाच्या पाळीत ते अडखळलं तर त्याच्याबरोबर म्हणावेत, सोंगटी मात्र त्यालाच हलवू द्यावी.