टीटी, टीडी, टीडॅप: तीन लशी, तोंडी एकच नाव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आरोग्य केंद्राच्या रांगेत पाचव्या महिन्यातल्या बाईला विचारलं तर ती सांगते, ‘टीटी घ्यायला आले.’ टोचली जाते टीडी. हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावरही टीडीच लिहिलेलं असतं, पण आशाताईंपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी टीटीच. या नावातच पुढचा घोळ आहे.

गरोदरपणी धनुर्वाताची लस, म्हणजे टीटी, देशाच्या लसीकरण कार्यक्रमात कित्येक दशकांपूर्वीच आली. रोख नाळेवाटे होणाऱ्या नवजात धनुर्वातावर होता. २०१५मध्ये त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पुढे टीटीत घटसर्पाची मात्रा घालून टीडी आली. इंग्रजीत यातला ‘डी’ लहान लिपीत लिहितात, कारण मोठ्यांसाठी घटसर्पाचा अंश कमी असतो. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे बाळाच्या डीपीटीतला मोठा ‘डी’ आणि आईच्या टीडॅपमधला लहान ‘डी’ वाचायला सारखाच वाटतो. टीडॅपमध्ये डांग्या खोकल्यावरचा अंशही येतो. टीडीत तो नाही. सरकारी कार्यक्रमात टीडी, घोडबंदर रोडच्या खासगी फाइलवर २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप, आणि घरी दोन्हीला ‘टीटी झालं’.

हा फरक अक्षरापुरता नाही. बाळाची पेंटाव्हॅलंट, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची लस, सुरू होते दीड महिन्याने, आणि डांग्या खोकला जिवावर बेततो तो बहुतेक त्याच्या आतबाहेर. अमेरिकेत आधी बाळाभोवतीच्या आजी-बाबांना लस टोचून संरक्षणाचा कोष करायचा प्रयत्न झाला; सगळ्यांना गाठणं जमलं नाही. २०१२मध्ये ब्रिटनच्या साथीत १४ तान्ही बाळं दगावली आणि तिथे गरोदर स्त्रियांना लस सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत ‘प्रत्येक गरोदरपणात एकदा’ असं ठरलं. आपल्याकडे पचायला जड जातं ते हेच. कार्डाचा टीडीचा नियम उलटा आहे: आधीच्या खेपेला दोन डोस घेऊन तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले तर एक बूस्टर पुरतो. तो धनुर्वाताचा हिशेब. डांग्या खोकल्याविरुद्धची आईची प्रतिपिंडं वर्षभरात बरीच उतरतात, म्हणून वारेतून बाळाला पोचवायची तर दर खेपेला नव्याने. ‘मागच्या वेळी घेतलंय की’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. हजाराच्या वर रुपये मोजायचे असले की मात्र ते हमखास ऐकू येतं.

फ्लूचं पान तुलनेने छोटं. २००९च्या स्वाइन फ्लूने गरोदर स्त्रियांचा धोका उघड केला आणि आपल्याकडे लस शिफारशीत आली. कोविडमध्ये मात्र जानेवारी २०२१पासून मोहीम सुरू असूनही गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली २ जुलैला, म्हणजे दुसरी लाट ओसरत आल्यावर. सावधपणा समजतो, उशीरही दिसतो.

आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या बाळांची छाती भरवणारा विषाणू, याची सावली जुनी आहे. १९६६च्या सुमारास अमेरिकेत थेट बाळांना दिलेल्या प्रायोगिक लशीने आजार उलट बळावला, दोन बाळं गेली, आणि पुढची कित्येक दशकं त्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. २०२३मध्ये तिथे गरोदर आईला द्यायची लस मंजूर झाली: ३२ ते ३६ आठवडे, आणि बहुतेक ठिकाणी सप्टेंबर ते जानेवारीतच, कारण त्यांची साथ हिवाळ्याची. ठाण्यात बाळांच्या छातीतली घरघर वाढते ती पावसाळ्यात. तिथलं कॅलेंडर जसंच्या तसं उचललं तर इथली जुलै-ऑगस्टची बाळं नेमकी सुटतील.