आजीच्या पेटीतले टाक, हस्तिदंत आणि पोवळी : नोंदणी, मुदती आणि कागदपत्रं

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दिवसकार्य उरकल्यावर कधीतरी पेटी उघडली जाते. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेले छोटे पत्रे, अत्तरदाणी, हस्तिदंताचा बाळकृष्ण, पोवळ्यांची माळ. बहुतेक घरांतून पहिला फोन सोनाराला जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो फोन सर्वांत शेवटी करा. एकाच पेटीतल्या या वस्तूंना वेगवेगळे कायदे लागतात, आणि काही मुदती वस्तू तुमच्या ताब्यात आल्या दिवसापासून धावू लागतात.

आधी चांदी. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ सालचा, अमलात आला ५ एप्रिल १९७६ रोजी. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू म्हणजे पुरावशेष. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. पण प्रत्येक जुन्या वस्तूची नोंदणी सक्तीची नाही. दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत, हाड यांतली शिल्पं आणि मूर्ती, लाकडावरची आकृतिशिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांची करावी लागते. साधं तबक किंवा फुलपात्र त्यात येत नाही. टाकाचं मात्र वेगळं. पत्र्यावर खंडोबा घोड्यासकट उठवलेला असतो, म्हणून शंभरी ओलांडलेला टाक धातुशिल्प धरला जाऊ शकतो. शंका असेल तर टाक घेऊन नोंदणी अधिकाऱ्याकडे जा. तुमच्या जिल्ह्याचं काम कोण पाहतं, ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात विचारा.

नोंदणी करायची ती वस्तू ताब्यात आल्यापासून १५ दिवसांत. अर्ज नमुना सातमध्ये, सोबत फोटो. समोरून, मागून, बाजूने काढा. तळाचा शिक्का किंवा कोरलेलं नाव स्पष्ट दिसू द्या. वजन, उंची-रुंदी, धातू आणि वस्तू घरात कशी आली हे लिहून ठेवा. ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र जवळ असू द्या. पुढे मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. अशा वस्तूंचा व्यापार करायचा असेल, तर परवाना वेगळा.

टाकांबद्दल थोडं थांबून सांगतो. झिजलेले टाक मोडीत घालून नवे करून घेण्याची पद्धत जुनी आहे, तिच्यामागची श्रद्धाही खरी. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीने आणि बोटांनी देवाचा चेहरा गुळगुळीत झालेला असतो, कडेला हाताने ठोकलेल्या खुणा असतात. सोनाराच्या काट्यावर त्याची किंमत फक्त वजनाची. तसंच चांदीच्या भांड्यांचं. भुजचे नावाजलेले चांदीकाम करणारे कारागीर उमरसी मावजी यांच्या भांड्यांवरची ‘ओ. एम.’ ही इंग्रजी अक्षरं घासून गेली, तर संग्राहकाच्या लेखी वस्तू अर्ध्याहून अधिक गेलीच. म्हणून मूल्यांकनाआधी पॉलिश करू नका. प्राप्तिकर खात्याकडे नोंदणीकृत मूल्यांकक असतात. २००१ पूर्वीची वस्तू विकताना १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येते, म्हणून त्या तारखेचा अहवालही मागून घ्या.

हस्तिदंताला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम लागतो, आणि शंभर वर्षांवरची कोरीव मूर्ती असेल तर दोन्ही कायदे. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६च्या दुरुस्तीने बंद झाला, आफ्रिकेतून आणलेल्याचा १९९१च्या. विक्री नाहीच, मूल्यांकक कितीही आकडा सांगो. ओळखायचं कसं? आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसली तर हस्तिदंत. हाडावर काळपट ठिपक्यांसारखी छिद्रं असतात. भिंगातून पाहा, तापलेली सुई टोचून नको.

वारशाने वस्तू आली की ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे लेखी घोषणा द्यायची असते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. सुरुवात जिल्ह्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात चौकशी करून करा. आजोबांच्या नावाचं मालकी प्रमाणपत्र शोधा, सगळी भिस्त त्यावर आहे. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांना २००३ साली १८ एप्रिलपासून १८० दिवस घोषणा करण्याची संधी मिळाली होती. ती हुकली असेल, तर वस्तू लपवून ठेवण्यापेक्षा वकिलाला विचारून वन विभागाला लिहून कळवा. प्रमाणपत्र आहे पण वस्तू ठेवायची नाही, अशांना २०२२च्या दुरुस्तीनंतर कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन ती जमा करता येते. मोबदला मिळत नाही.

पोवळ्यांच्या माळेत सहसा भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं असतं. ते वेगळं आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलेला पांढरा प्रवाळाचा झुडपासारखा तुकडा वेगळा. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. तसा तुकडा कुणी भेट म्हणून दिला, तरी घेऊ नका.

आता परदेशी असलेल्या मुलांसाठी. लेकीच्या न्यू जर्सीतल्या देव्हाऱ्यासाठी कुलदैवताचा जुना टाक बॅगेत घालावासा वाटणं साहजिक आहे. शंभर वर्षांवरची वस्तू नोंदणी असो वा नसो, देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. टाक त्याहून नवा असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तो पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे. तिकीट काढण्याआधी हे काम करा, कारण तज्ज्ञ समितीने वस्तू पाहिल्याशिवाय कागद मिळत नाही.