मज्जारज्जूतून सुटी केलेली चेतापेशी

१९५१ साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला जॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मज्जारज्जूत काचेची नळी उतरवली. आत क्षारद्रावण, टोक मायक्रॉनभर. पेशी दिसत नव्हतीच. नळी कणाकणाने पुढे सरकवायची आणि पडद्यावरची रेषा सत्तरेक मिलिव्होल्ट खाली कोसळली की समजायचं, टोक पेशीत शिरलं. चेतापेशींमधला निरोप थेट विजेनेच जातो, असं एकल्स वर्षानुवर्षं हिरिरीने मांडत आले होते. पण पेशीला रोखणारा निरोप आला, तेव्हा आतला ऋण विभव (व्होल्टेज) आणखी वाढला. त्यांच्या भाकिताच्या अगदी उलट! त्यांनी आपलं मत सोडून दिलं आणि निरोप रसायनाने जातो हे मान्य केलं. (१९६३च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.)

ही पद्धत दमवणारी होती. श्वासाने नि नाडीने नळी हलायची. पेशीभोवतीचा द्रव हवा तसा बदलता येत नसे. शिवाय पेशीवर हजारो जोडण्यांचा मारा चालू. त्यात तिचं स्वतःचं काय आणि शेजाऱ्यांचं काय, हे वेगळं काढणं अवघड.

मग पेशीच बाहेर काढली तर? रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या गर्भातल्या चेताऊतीचा तुकडा लसीकेच्या थेंबात वाढवून दाखवला होता, पण वीज मोजणं हा त्यांचा विषय नव्हता. ते पुढे इतरांनी केलं. १९७०च्या दशकात पद्धत अशी होती: उंदराच्या गर्भातला मज्जारज्जू सुटा करून पेशी बशीत वाढवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली हवी ती निवडायची, शेजारी ग्लायसिन (पेशीला रोखणारा निरोप नेणारं रसायन) सोडून विभव कसा हलतो ते पाहायचं. १९७६ साली नेहर आणि साकमन यांचं पॅच-क्लॅम्प, म्हणजे पेशीपटलाच्या छोट्या तुकड्यातला प्रवाह मोजायचं तंत्र आलं. काही वर्षांतच नळीचं तोंड हलक्या ओढीने पेशीपटलाला इतकं घट्ट चिकटवता येऊ लागलं, की सुट्या पेशीतला अगदी बारीक प्रवाहही मोजता येई.

एक शंका मात्र रास्तच होती. पेशी सुटी करताना तिच्या फांद्या तुटतात, वापरलेली विकरं (एन्झाइम) पटलावरची प्रथिनंही कुरतडू शकतात. अशी पेशी खरं बोलेल का? स्पिट्झर आणि लँबरगिनी यांनी १९७६ साली झेनोपस बेडकाच्या गर्भातल्या पेशी बशीत वाढवल्या. सुरुवातीचे विद्युतस्पंद लांबलचक, कॅल्शियमवर चालणारे. पुढे ते आखूड, सोडियमवर चालणारे झाले. गर्भाच्या मज्जारज्जूत जागच्या जागी तपासलेल्या पेशींमध्येही क्रम हाच दिसला.