कोणता अठ्ठाविसावा? ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले दोन ड्राफ्ट आणि नवख्या खेळाडूचं भवितव्य

ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची क्लबांनी पाळीपाळीनं केलेली निवड. ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू डीन कॉक्सच्या नावापुढे 'ड्राफ्ट क्रमांक 28' असं दिसलं की वाटतं, बरा मुलगा असणार. देशभरातून अठ्ठाविसावा म्हणजे काही वाईट नाही. पण वेस्ट कोस्ट ईगल्स या क्लबनं त्याला घेतलं ते 2000 च्या रूकी, म्हणजे नवख्यांच्या, ड्राफ्टमधून. मुख्य राष्ट्रीय ड्राफ्ट उरकला होता, सगळ्या क्लबांनी त्याचं नाव वाचून पान उलटलं होतं, आणि त्यानंतर जे उरले त्यांच्यातला तो अठ्ठाविसावा. हाच कॉक्स पुढे 290 सामने खेळला, सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात आला, 2006 च्या विजेत्या संघात होता, आणि 2025 च्या हंगामापासून सिडनी स्वान्सचा मुख्य प्रशिक्षक झाला.

आकडा तोच, अर्थ निराळा. नोव्हेंबरात ड्राफ्टच्या बातम्या आल्या की ही गल्लत हमखास होते. 'आमच्या क्लबनं पाचव्या क्रमांकावर अमुक मुलगा घेतला' हे ऐकून कुणी हरखून जावं, तर तो रूकी ड्राफ्टमधला पाचवा निघतो. मग लगेच उलट टोक: 'रूकी आहे होय, मग सोडा.' दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत, कारण या दोन वाटांनी आलेल्या मुलांना विचारायचे प्रश्नच वेगळे असतात.

ज्यांना मेलबर्नचं एमसीजी फक्त बॉक्सिंग डे कसोटीमुळे ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. त्याच लंबगोल मैदानावर हिवाळ्यात एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग खेळली जाते. एका बाजूला 18 खेळाडू, चेंडू लांबट, हातानं मुठीचा फटका मारून किंवा पायानं लाथाडून पुढे द्यायचा. मधल्या दोन खांबांतून लाथेनं गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. लीगमध्ये सध्या 18 क्लब आहेत. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारच्या आसपास ग्रँड फायनल असते आणि त्या दिवशी मेलबर्नमध्ये दुसरा विषय नसतो.

नवे खेळाडू क्लबांत वाटले जातात ते ड्राफ्टनं, आणि ही पद्धत 1986 पासूनची. आयपीएलच्या लिलावासारखी पैशाची बोली इथे नाही, पाळी आहे. गेल्या हंगामात तळाला राहिलेला क्लब पहिला निवडतो, विजेता शेवटी. त्या वर्षअखेरीपर्यंत 18 पूर्ण करणारा कुणीही मुलगा ड्राफ्टला पात्र असतो. त्यामुळे पहिल्या वीस-तीस नावांतले बहुतेक नुकतेच बारावीची परीक्षा दिलेले असतात.

हा झाला राष्ट्रीय ड्राफ्ट. हल्ली तो साठ-सत्तर नावांवर आटोपतो. रूकी ड्राफ्ट 1997 पासून सुरू झाला आणि तो राष्ट्रीय ड्राफ्टनंतर काही दिवसांतच होतो. क्लबच्या मुख्य यादीत साधारण 36 ते 38 खेळाडू असतात, आणि त्यांच्या जोडीला चार ते सहा रूकी. रूकीचा करार स्वस्त आणि बहुधा एका वर्षाचा. राष्ट्रीय ड्राफ्टमधून आलेल्याला निदान दोन वर्षं मिळतात. पूर्वी तर रूकीला वरिष्ठ संघातून खेळायचं असेल तर आधी मुख्य यादीत बढती लागायची, म्हणजे कुणीतरी दीर्घकाळ जायबंदी होण्याची वाट पाहायची. ती अट आता राहिलेली नाही. कराराची मुदत मात्र अजूनही तोकडीच आहे, आणि माझ्या मते भवितव्य जोखताना सगळ्यात आधी तीच पाहावी. गुणवत्तेची चर्चा नंतर.

हे पटत नसेल तर मॅट रोवेलकडे पाहा. 2019 च्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये गोल्ड कोस्ट सन्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्या क्रमांकावर त्याचाच शाळासोबती नोआ अँडरसन. 2020 मध्ये रोवेलनं पदार्पणातच असा धडाका लावला की पंच त्याला सामन्यामागून सामना सर्वाधिक मतं देत होते. मग खांदा निखळला, हंगाम संपला. 2021 च्या पहिल्याच फेरीत गुडघा गेला. दोन वर्षं अशी वाया गेल्यावरही क्लबनं त्याला हात लावला नाही, लावण्याचा प्रश्नच नव्हता. 2025 मध्ये तो पंचांच्या याच मतांवर ठरणारं ब्राऊनलो पदक जिंकला, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता याच दोन दुखापती एखाद्या रूकीला झाल्या असत्या तर? त्याचं नाव बहुधा पहिल्याच वर्षाच्या शेवटी यादीतून उडालं असतं आणि त्याच्यात काय होतं हे कधी कळलंच नसतं.

म्हणजे वरच्या क्रमांकाचा खरा फायदा काय, तर वेळ. तो क्रमांक म्हणजे क्लबनं स्वतःवर ओढवून घेतलेलं ओझंही असतं. पहिल्या पाचातला मुलगा फसला तर निवड करणाऱ्यांची अब्रू जाते, म्हणून त्याला संधीवर संधी मिळत राहते. याची किंमत मुलगाही मोजतो. 2008 चा पहिला क्रमांक जॅक वॉट्स अजून शाळेत असताना मेलबर्न क्लबनं त्याला कॉलिंगवूडविरुद्धच्या मोठ्या सुट्टीच्या सामन्यात एमसीजीवर उतरवलं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्या प्रत्येक खेळाची तुलना त्या एका आकड्याशी होत राहिली. 2013 चा पहिला क्रमांक टॉम बॉईड 2016 च्या ग्रँड फायनलमध्ये तीन गोल मारून वेस्टर्न बुलडॉग्जला विजेतेपद देऊन गेला आणि 2019 मध्ये, अवघ्या 23 व्या वर्षी निवृत्त झाला. त्याला अपयशी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे, पण तो मुद्दा वेगळा.

शिवाय आकडा नेहमी निखळ गुणवत्तेचा नसतो. वडील एखाद्या क्लबकडून 100 सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क राहतो. दुसऱ्या कुणी त्याचं नाव घेतलं की हा क्लब आपल्या पुढच्या पाळ्या खर्चून त्याला राखतो. 2021 मध्ये निक डेकोस कॉलिंगवूडकडे आला तो अशाच मार्गानं, चौथ्या क्रमांकावर. त्या वर्षीचा सर्वोत्तम मुलगा तोच, असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. काही क्लबांच्या स्वतःच्या अकादमी आहेत, त्यांतल्या मुलांच्या बाबतीतही हाच घोळ होतो.

आणि जुने आकडे तर आजच्या मापानं मोजूच नयेत. जेम्स हर्ड 1990 मध्ये 79 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि 1996 चं ब्राऊनलो पदक त्यानं मायकल व्हॉसबरोबर वाटून घेतलं. आजच्या ड्राफ्टमध्ये 79 वा क्रमांक बहुतेक येतच नाही. आज हर्ड रूकी ठरला असता.

आता रूकीकडे वळू. त्याच्या बाबतीत 'मुलगा किती चांगला आहे' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: क्लबात कुठली जागा रिकामी आहे, किंवा होणार आहे?

मॅट प्रिडिस हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. पर्थच्या स्थानिक लीगमध्ये सुबियाकोकडून ढिगानं चेंडू मिळवणारा हा मिडफिल्डर एएफएलच्या मानानं संथ आहे, असं खेळाडू हेरणाऱ्यांचं मत होतं. ते खोटंही नव्हतं. वेस्ट कोस्टनं 2006 साठी त्याला रूकी म्हणून घेतलं. त्याच वर्षी त्यानं स्थानिक लीगचं सर्वोच्च सँडोव्हर पदक जिंकलं. पण वरच्या संघात मधल्या फळीत कोण होतं? ख्रिस जड, बेन कझिन्स, डॅनियल कर. पहिल्या दोघांच्या घरी ब्राऊनलो पदकं होती. ईगल्स त्या वर्षी विजेते ठरले, प्रिडिस बाहेरून पाहत राहिला. मग 2007 च्या अखेरीस कझिन्सला क्लबनं काढलं आणि जड कार्ल्टनला गेला. एका झटक्यात मधली फळी उघडी पडली, आणि जागेवर तयार उभा होता तो स्थानिक लीग घुसळून काढलेला, मार खायला न घाबरणारा प्रिडिस. 2014 चं ब्राऊनलो पदक त्याचं. एकूण सामने 240. वेग त्याला कधीच आला नाही. जडसारखा तारा क्लब सोडून जाईल हे 2006 मध्ये कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते, पण म्हणूनच रूकीचं भवितव्य पाहताना त्याच्यापेक्षा त्याच्या पुढच्या चौघांची वयं, करार आणि गुडघे जास्त पाहावे लागतात.

उंच मुलांचं गणित आणखी वेगळं. मैदानाच्या मधोमध पंच चेंडू हवेत उंच टाकतो तेव्हा जो उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलतो, तो रक. हे काम शरीराचं आहे आणि दोन मीटरच्या आसपासच्या मुलाचं शरीर अठराव्या वर्षी भरलेलं नसतं. बावीस-तेवीसपर्यंत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. अशा मुलावर राष्ट्रीय ड्राफ्टमधली महागडी पाळी खर्चायला क्लब कचरतात, रूकी यादीत मात्र आनंदानं ठेवतात. कॉक्स तसाच आला. फ्रीमँटलचा 211 सेंटीमीटरचा ॲरन सँडिलँड्सही रूकीच, पुढे 271 सामने. तेव्हा रूकी यादीत हडकुळा, लांबलचक मुलगा दिसला आणि दोन वर्षं त्याचा एकही सामना नसला तरी घाई करू नये. त्याच जागी पावणेसहा फुटी फॉरवर्ड असेल आणि दोन वर्षं काही दिसलं नसेल, तर मात्र काळजीचं कारण आहे.

यातलीच एक उपशाखा म्हणजे 'ब' वर्गातले रूकी: परदेशी किंवा दुसऱ्या खेळातून आलेले. टेक्सासचा बास्केटबॉलपटू मेसन कॉक्स 2014 मध्ये कॉलिंगवूडनं असाच उचलला. 2016 च्या अँझॅक डे सामन्यात त्याचं पदार्पण झालं, पहिल्याच लाथेला गोल, आणि 2023 मध्ये तो विजेत्या संघात होता. पण या वर्गाला ड्राफ्टच्या तराजूत घालण्यातच अर्थ नाही. तो निव्वळ जुगार, आणि क्लबलाही ते माहीत असतं.

मोसमाच्या मध्यावरचा रूकी ड्राफ्ट 2019 पासून पुन्हा आला, आणि तिथे जागेचा प्रश्न सगळ्यात उघडा दिसतो, कारण यादीत जागा आधीपासून मोकळी नसेल, तर कुणीतरी दीर्घकाळ जायबंदी झाल्याशिवाय किंवा निवृत्त झाल्याशिवाय क्लबला त्यात भागच घेता येत नाही. पहिल्याच वर्षी रिचमंडनं दक्षिण फ्रीमँटलचा 27 वर्षांचा मार्लियन पिकेट घेतला. सप्टेंबरात तो रिचमंडच्या दुय्यम संघाकडून व्हीएफएल या दुय्यम लीगची अंतिम लढत खेळला आणि तिथे सामनावीर ठरला. दरम्यान उपान्त्य सामन्यात मुख्य संघातला जॅक ग्रॅहम खांद्यानं जायबंदी झाला होता. पुढच्या शनिवारी पिकेटचं एएफएल पदार्पण झालं ते थेट ग्रँड फायनलमध्ये. 1952 नंतर असं प्रथमच घडलं. त्यानं 22 वेळा चेंडू खेळवला, एक गोल केला, आणि रिचमंड 89 गुणांनी जिंकला. 2021 मध्ये हॉथॉर्ननं घेतलेला जाय न्यूकम तर त्यांच्याच दुय्यम संघात, बॉक्स हिलला, खेळत होता. इतर क्लब चित्रफिती पाहून ठरवत होते, हॉथॉर्नचे प्रशिक्षक त्याला आठवड्यामागून आठवडा सरावात पाहत होते. असा शेजारचा रूकी दिसला की मी त्याला इतरांपेक्षा चार गुण जास्त देतो.

अजून एक गोंधळ 'रायझिंग स्टार', म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्काराचा. या पुरस्काराची पात्रता वय आणि सामन्यांची संख्या पाहून ठरते: वर्षाच्या सुरुवातीला वय 21 च्या आत आणि आधीचे सामने दहा किंवा त्याहून कमी. कुठल्या ड्राफ्टमधून आलात याच्याशी त्याचा संबंध नाही. 2022 मध्ये तो डेकोसनं जिंकला, अपेक्षेप्रमाणे. 2024 मध्ये जिंकला जिलॉंगच्या ऑली डेम्प्सीनं, जो 2022 च्या हंगामासाठी रूकी ड्राफ्टमधून आला होता. म्हणजे विजयाच्या वेळी तिसरं वर्ष चालू होतं. पहिल्या वर्षी त्याला सोडून दिलं असतं तर जिलॉंगला कुणी दोषही दिला नसता.

उलट बाजूनं, रूकी यादीतलं प्रत्येक नाव पोरसवदा समजू नये. क्लब कधीकधी अनुभवी खेळाडूला मुख्य यादीतून वगळतात आणि काही दिवसांनी त्यालाच रूकी ड्राफ्टमध्ये परत घेतात, केवळ मुख्य यादीत जागा करण्यासाठी. तिशीकडे झुकलेला, शंभरेक सामने खेळलेला 'रूकी' दिसला की तो हिशेबाचा भाग असतो, त्याच्या भवितव्याचा अंदाज बांधत बसू नये. खऱ्या नवख्यासाठी पाहायचं ते एप्रिल ते जुलै दुय्यम लीगमधले त्याचे सामने, आणि क्लब त्याला कुठल्या जागेवर खेळवतोय. सारखी जागा बदलत असतील तर अजून ठरलेलं नाही. एकाच जागी ठेवून वरच्या संघातल्या एखाद्या बत्तिशीतल्या बचावपटूचं काम शिकवत असतील, तर ऑगस्टमध्ये करार वाढल्याची छोटीशी बातमी यायला हरकत नाही.